पाहुण्या सभासदांची वही

हॅमर्टन कोर्ट या जुन्या हवेलीच्या दारातल्या टेबलावर दर गुरुवारी मिसेस ग्वेनेथ प्रॉसर बसत. त्यांच्यापुढे दोन वह्या असत. एक जाड, तिच्यात दिवसभरात किती माणसं आली त्याच्या रेघा ओढायच्या. दुसरी पातळ, हिरव्या पुठ्ठ्याची, पाहुण्या सभासदांची. आमच्याकडची जुनी घरं, किल्ले, बागा सांभाळणारी जी मोठी संस्था आहे, तिचे नव्हे तर दुसऱ्या एखाद्या देशातल्या किंवा बेटावरच्या तशाच संस्थेचे सभासद असलेले लोक आले, की त्यांची नावं या वहीत जात. संस्थांचा आपसात करार असतो. तुमचे सभासद आमच्याकडे फुकट, आमचे तुमच्याकडे.

मी त्या हिरव्या वहीतला माणूस होतो. तसा मी राहायला श्रूझबरीत, म्हणजे हॅमर्टन कोर्टपासून दोन बस बदलून तासाभरावर.

ही युक्ती मला शेजारच्या क्लिफर्ड हिग्नेटनं शिकवली. क्लिफर्ड बस कंपनीत तपासनीस होता आणि निवृत्त झाल्यावरही समोरच्या माणसाच्या हातात चुकीचं तिकीट आहे अशाच नजरेनं तो बघतो. मी इथल्या संस्थेचा अर्ज भरतोय हे त्यानं कुंपणावरून पाहिलं.

"अरे आर्नल्ड, इथली वर्गणी भरणारा माणूस आणि छत्री घेऊन आंघोळीला जाणारा माणूस, दोघं सख्खे भाऊ," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं की समुद्रापलीकडच्या आइल ऑफ मॅन या बेटावरच्या संस्थेची वर्गणी बरीच कमी आहे, कार्ड टपालानं घरी येतं आणि इथली सगळी दारं त्या कार्डावर उघडतात. हे नियमात बसतं का, असं मी विचारलं. नियमात चोख बसतं, तो म्हणाला, लाज वाटून घ्यायची की नाही एवढंच तुझ्यावर आहे.

मी कार्डही घेतलं आणि लाजही वाटून घेतली. माझं बहुतेक बाबतीत असंच होतं.

पहिल्या गुरुवारी मिसेस प्रॉसरनी ते कार्ड हातात घेऊन त्यावरचं तीन पायांचं चिन्ह पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्या वहीत ऑस्ट्रेलियाचे लोक होते, न्यूझीलंडचे होते, एकदा जमैकाचं एक जोडपं येऊन गेलं होतं; पण आइल ऑफ मॅनचं कोणी कधी आलं नव्हतं. त्या म्हणाल्या, लांबून आलात. त्या दिवशी माझी दुसरी बस आलीच नव्हती आणि शेवटचे दोन मैल मी चालत आलो होतो. मी म्हणालो, हो, तसं लांबच पडतं. त्यांनी वहीत लिहिलं. त्यांना काय वाटलं ते माझ्या ध्यानात येईपर्यंत मागे एका सहलीच्या बसमधली चाळीस माणसं उभी होती. रांग अडवून स्वतःबद्दल खुलासा करत बसणं आमच्याकडे कोणी करत नाही. त्यापेक्षा लोक आयुष्यभर चुकीच्या नावानं हाक मारून घेतात.

पुढच्या गुरुवारी खुलासा करायचा असं ठरवून मी गेलो. पण त्यांनीच सुरुवात केली. कार्डावरचा पत्ता श्रूझबरीचा आहे हे त्यांनी पाहिलं होतं आणि त्यावरून मनाशी गोष्ट पुरी करून टाकली होती. "इथे राहता, पण गावचं सभासदत्व सोडलं नाहीत," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा टेलफर्डला गेला, वीस मैलांवर, तर सहा महिन्यांत इथल्या चर्चचं नाव विसरला." एवढ्या कौतुकानंतर खुलासा राहूनच गेला.

मी अडतीस वर्षं जिल्हा ग्रंथालयात होतो, पण वाचक येतात त्या बाजूला नव्हे. मागच्या खोलीत, पुस्तकांना क्रमांक देण्याच्या कामावर. तिथे दिवसच्या दिवस कोणी बोललं नाही तरी चालतं, आणि मला ते चालत होतं. लग्न झालं नाही. तेव्हा दुपारी तीन वाजता मिसेस प्रॉसरना अर्ध्या तासाची सुट्टी झाली की त्या मला चहाच्या खोलीत बोलावू लागल्या आणि स्कोन नावाचा एक लहान गोडसर पाव कापून अर्धा माझ्या बशीत ठेवू लागल्या, ही माझ्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती. त्या पूर्वी औषधांच्या दुकानात पुड्या बांधत. नवरा, ट्रेव्हर, जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नानंतरचा आठवडा त्या दोघांनी बेटावरच्या पोर्ट एरिन गावात काढला होता, त्यामुळे त्यांना बेटाबद्दल विचारायचं असे.

आणि मी सांगत असे. ग्रंथालयात जाऊन मी बेटावरची सगळी पुस्तकं वाचली. सगळी म्हणजे सातच होती. धुरावर भाजलेले मासे, शेपटी नसलेली मांजरं, मोटारसायकलींच्या शर्यती. कॅसलटाउनच्या वाटेवर एक लहान पूल आहे, त्यावरून जाताना पऱ्यांना मोठ्यानं नमस्कार करायचा, नाहीतर पुढचं काम बिघडतं, तेही सांगितलं. हे तुम्हाला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी आजीनं म्हणालो. आजी कुठली, तर बेटावरच्या पील गावची. अशी बोल्टन कधी न सोडलेली माझी आजी पीलला राहायला गेली.

हिवाळ्यात हॅमर्टन कोर्ट बंद असतं. तीन उन्हाळे असे गेले. चौथ्या वर्षी मार्चमध्ये घर उघडलं तेव्हा मिसेस प्रॉसर काठी घेऊन बसल्या होत्या. जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चहाच्या खोलीत त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. पोर्ट एरिनला, खाडीवरच्या वरच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर विकायला होतं. त्यांच्या इथल्या बंगल्याला गिऱ्हाईक आलं होतं आणि त्याला एप्रिल संपायच्या आत हो किंवा नाही हवं होतं. मुलाचं म्हणणं, आमच्या गॅरेजवर खोली बांधतो, तिथे या.

"गॅरेजवर," त्या म्हणाल्या. "खाली त्याची गवत कापायची यंत्रं, वर मी."

डॉक्टरांनी जूनपर्यंत लांबचा प्रवास नको म्हटलं होतं. म्हणून त्यांना माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. हिवाळ्यात तिथे दमट असतं का, कारण त्यांची छाती नाजूक. आणि त्यांच्या वयाच्या बाईला तिथे एकटं राहता येईल का. तुम्ही सांगाल तसं मी मुलाला कळवणार, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मला जरा आठवावं लागेल. लहानपणचं आहे.

मी घरी आलो. क्लिफर्डला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. त्यानं कुंपणावर दोन्ही कोपरं टेकून सगळं ऐकून घेतलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "सांग, हवा उत्तम आहे. बाई जाईल आणि तुझे गुरुवार जातील. नाहीतर सांग, हवा भयंकर आहे. बाई राहील, मुलाच्या गॅरेजवर, आणि तुझा अर्धा स्कोन सुटणार नाही. दोन्हीतलं काहीही सांगितलंस तरी खोटंच, कारण तुला काही माहीत नाही. म्हणजे त्यातल्या त्यात फायद्याचं खोटं बोल."

क्लिफर्ड वाईट माणूस नाही. तिकिटाकडे जसं बघावं तसं तो सगळ्याकडे बघतो, इतकंच. पण फायद्याचं खोटं कुठलं ते मला त्या रात्री चांगलंच कळत होतं, आणि ते कळणं मला आवडलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी पहिल्या बसनं गेलो. दार नुकतंच उघडलं होतं, रांग नव्हती. मिसेस प्रॉसर पेन्सिलीला टोक काढत होत्या.

"मिसेस प्रॉसर," मी म्हणालो, "मी आइल ऑफ मॅनचा नाही."

त्यांनी टोक काढणं संपवलं. "मग कुठले?"

"बोल्टनचा. चाळीसेक वर्षं झाली श्रूझबरीत. त्या बेटावर मी पाऊलही ठेवलेलं नाही. मला बोटीची भीती वाटते."

"आणि पीलची आजी?"

"बोल्टनचीच. गिरणीत होती."

"पुलावरच्या पऱ्या?"

"पुस्तकात आहेत," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, त्या पुस्तकाचा ग्रंथालयातला क्रमांकही सांगितला.

 त्यांनी हिरवी वही पुढे ओढली आणि मागची पानं उलटू लागल्या. माझं नाव ब्याण्णव वेळा होतं. नंतर कळलं की आइल ऑफ मॅनच्या लोकांचा आमच्याकडे ओढा वाढतो आहे असं त्यांनी दर वर्षी वरच्या कचेरीला कळवलं होतं, आणि कचेरीनं खास त्या पाहुण्यांसाठी म्हणून शंभर माहितीपत्रकं पाठवली होती. ती टेबलाखाली होती. मीच त्यातली दोन घरी नेली होती.

"मग हे कार्ड कशाला?" त्यांनी विचारलं.

"स्वस्त पडतं."

आजीच्या खोट्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं, हे मला स्पष्ट दिसलं. त्यांनी पेन्सिलीनं जिन्याकडे दाखवलं. तिसऱ्या पायरीवर एक पत्र्याची बादली होती. "ती बादली चार वर्षं तिथे आहे," त्या म्हणाल्या. "छपराला पैसे नाहीत म्हणून. मी इथे फुकट बसते, मिस्टर विंडल. पलंगाच्या खोलीत माहिती सांगणारी मिस ऑडली फुकट उभी राहते, ऐंशी वर्षांची आहे. आणि तुम्ही इथलं छप्पर बघायला येता आणि वर्गणी दुसऱ्याच्या छपराला देता."

नियमात बसतं, असं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही.

त्यांनी जाड वही उघडली. "प्रौढ, एक," त्या म्हणाल्या, आणि मी इतर कोणाही माणसासारखं पुरं तिकीट काढून आत गेलो. आत गेलो, कारण तिकीट काढून परत फिरणं विचित्र दिसलं असतं. त्या घरात बसू नये अशा प्रत्येक जुन्या खुर्चीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवतात. पाटी लावून लोकांना मनाई करणं बरं दिसत नाही म्हणून. मी सगळ्या खोल्या नेहमीच्या क्रमानं पाहिल्या. मिस ऑडलीनं पलंगाच्या पडद्यांबद्दल नेहमीचं सांगितलं आणि मी नेहमीसारखं आश्चर्य दाखवलं.

बाहेर पडताना वाटलं होतं, मान लववावी आणि जावं. पण मिसेस प्रॉसरनी हाक मारली. त्यांच्यापुढे पोर्ट एरिनच्या घराचा कागद होता.

"तुम्ही जाऊन बघून या," त्या म्हणाल्या.

मी बोटीचं काहीतरी पुटपुटलो.

"बोट चार तासांची आहे. मुलाला विचारलं तर त्याला मी टेलफर्डला हवी आहे. दलालाला विचारलं तर त्याला घर विकायचं आहे. तुम्हाला आता माझ्याकडून काही मिळायचं नाही. तेव्हा खरं सांगणारे तुम्हीच उरलात."

असं मी ऐकून घेतलं, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो.

बोटीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी हेशम बंदरातून निघाल्यापासून बेटावरचं डग्लस येईपर्यंत एका कागदी पिशवीकडे बघत होतो. समोरच्या बाकावरची एक बाई सगळा वेळ अंड्याचं सँडविच खात होती. डग्लसला बस मिळाली. उतारूंनी दिलेल्या नोटांवर आणि मला परत मिळालेल्या सुट्ट्यावर तेच तीन पाय होते. तो पूल आला तेव्हा मला कळलाही नसता, इतका लहान आहे. पुढच्या बाकावरचा एक माणूस फोनवर कोणाशी तरी नळाच्या दुरुस्तीबद्दल भांडत होता. तो मध्येच थांबला, खिडकीकडे तोंड करून "नमस्कार" म्हणाला आणि पुन्हा भांडू लागला. मीही म्हणालो. हळू म्हणालो, कोणाला ऐकू गेलं नसेल.

कॅसलटाउनला बस बदलायची होती आणि मध्ये तास होता. तिथल्या किल्ल्यात मी माझं कार्ड दाखवलं. जिथलं होतं तिथे ते पहिल्यांदाच दाखवत होतो. दारावरच्या गृहस्थांनी कुठून आलात विचारलं. मी श्रूझबरी म्हणालो, या खेपेला मुद्दाम मोठ्यानं.

"तुमच्या बाजूचे सभासद आहेत आमच्याकडे पुष्कळ," ते म्हणाले. "तोंडं मात्र दिसत नाहीत कोणाची. तुम्ही आलात, बरं केलंत." आणि त्यांनी किल्ल्याचा नकाशा मला तसाच देऊन टाकला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पोर्ट एरिनचं घर मी दलालाबरोबर पाहिलं. तो माझ्या मागे मागे फिरत होता आणि मी मिसेस प्रॉसरचा नवरा आहे असं धरून चालला होता. ती चूक मी पहिल्या दोन मिनिटांत दुरुस्त केली. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. रस्त्यापासून दारापर्यंत बावीस पायऱ्या होत्या, कठडा एकाच बाजूला. न्हाणीच्या कोपऱ्यात भिंतीला हात लावला तर ओल लागली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना मी हिवाळ्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, थंडी फार नसते, पण वारा असा की नोव्हेंबरात एकदा त्यांची कचऱ्याची बादली खाडीत गेली. छाती नाजूक असलेल्या माणसानं राहावं का? त्यांनी विचार केला. "माझी आई राहिली," त्या म्हणाल्या. "एक्क्याण्णव वर्षांपर्यंत. खोकत होती, पण राहिली." दुकान तीन मिनिटांवर, डॉक्टर दहा, दोन्हीकडे चढ. हे सगळं मी वहीत लिहिलं.

मग दलाल गेला आणि मी समोरच्या बाकावर बसून मिसेस प्रॉसरना फोन केला. दुपारचे चार वाजले होते. त्यांनी टेबलावरच्यासारखं एकेक करून विचारलं आणि मी वहीतून वाचत गेलो. पायऱ्या किती. बावीस. कठडा. उजव्या हाताला. ओल कुठे. पलीकडून त्यांच्या पेन्सिलीचा आवाज येत होता. वारा, बादली आणि खोकणारी म्हातारी, हेही मी गाळलं नाही. एवढं ऐकल्यावर कोणीही शहाणा माणूस टेलफर्डला गेला असता, आणि मी हे सगळं खरं सांगत होतो. त्यामुळे मला आतून थोडं बरंही वाटत होतं, हे कबूल करतो. टेलफर्डहून हॅमर्टन कोर्टला बस आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि कसं दिसतं?"

"काय?"

"मिस्टर विंडल, तुम्ही खिडकीसमोर उभे राहिला असाल की नाही? कसं दिसतं?"

त्या खिडकीसमोर मी दलाल घड्याळ बघेपर्यंत उभा होतो. वहीत त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. आता बाकावरूनही तेच समोर होतं. खाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये पाणी, आणि एक माणूस बूट हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालला होता. मला ठीक आहे म्हणता आलं असतं. ढग होते म्हणून नीट दिसलं नाही, असंही म्हणता आलं असतं, ढग होतेच.

"मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही खिडकीतून इतकं चांगलं दिसलेलं नाही," मी म्हणालो.

पेन्सिलीचा आवाज थांबला.

"तेव्हाही असंच होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तरुण होतो म्हणून तसं वाटलं असेल." आणि मग, नेहमीच्या आवाजात, त्या उद्याच बंगल्याच्या गिऱ्हाइकाला होकार कळवणार आहेत असं त्यांनी सांगितलं. उजव्या हाताचा कठडा बरा, गुडघा डावा आहे. डावीकडे पुढे बसवून घेता येईल.

 त्यांनी विचारलं, रविवारी तिथून डग्लसला बस असते का. चर्चला जायचं तर कळलेलं बरं. ते मी पाहिलं नव्हतं. मी उठलो, फोन कानाला तसाच धरून थांब्यापर्यंत चालत गेलो आणि काचेमागचं वेळापत्रक त्यांना पहिल्या बसपासून सावकाश वाचून दाखवलं, म्हणजे त्यांना लिहून घेता येईल.